राष्ट्रपतींची गाडी आणि देवळाची उतरण

८ ऑगस्ट १९८८, सोमवार

वाचनालयाची मीटिंग झाली. ५ सप्टेंबरला माजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. देशभर कार्यक्रम होणार, मग मुळगावनेच मागे का राहावं, असं अध्यक्ष धाकूशेट म्हणाले. धाकूशेटचं किराणा दुकान आहे आणि हॉलची किल्ली त्यांच्या कमरेला असते, त्यामुळे ते म्हणतात ते होतं.

ठरलं असं: लोकांसाठी इतिहासाचा कार्यक्रम. हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन, जुन्या माणसांच्या आठवणी, आणि मुख्य भाषण. भाषण कोण करणार, असा प्रश्न आल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. हायस्कुलात इतिहास मी शिकवतो. गुरुदास गावस सरांचा इतिहास म्हटला की मुलं चिडीचूप असतात. काही झोपतात, पण चिडीचूप.

मी ताबडतोब हो म्हटलं. घरी येताना पाय थरथरत होते. चढण आहे.

संकल्प: तासभर बोलायचं. हातात कागद न घेता.

९ ऑगस्ट

देवकीला सांगितलं. बायको म्हणून तिनं अभिमानाने पाहायला हवं होतं. तिनं विचारलं, वर्गाबाहेर तुम्ही शेवटचं कधी बोललात? मी प्रजासत्ताक दिनाच्या त्या भाषणाची आठवण करून दिली. ती म्हणाली, तिलाही आठवतं. मी "अध्यक्ष महाराज" म्हणालो, पाणी मागितलं आणि पाणी प्यायला गेलो तो घरीच आलो.

त्या दिवशी तिथलं पाणी गढूळ होतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

आरशासमोर प्रॅक्टिस. "अध्यक्ष महाराज" उत्तम जमलं. पुढे छातीत धडधड. पित्त असावं. सुंठ घेतली.

नवीन अडचण. धाकूशेट दुकानात म्हणाले, भाषण शुद्ध मराठीत पाहिजे, नाहीतर किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी स्टाफरूममध्ये कमलाक्षी टीचर म्हणाल्या, "सर, कोंकणीन उलयात हां. ना जाल्यार आमी भायर बसतलीं." त्या मुलांना पीटी शिकवतात. त्यांचा आवाज मैदानाच्या पलीकडे जातो. त्या बाहेर बसल्या तर आतल्यांना माझं काही ऐकू येणार नाही.

गेल्या वर्षी राजभाषेचा कायदा झाला आणि पाठोपाठ गोव्याला राज्य मिळालं, तेव्हापासून गावात चहाची दुकानं दोन झाली आहेत. एकात मराठीवाले बसतात, दुसऱ्यात कोंकणीवाले. मी चहा घरी पितो. मी भितो असं नव्हे. घरचा चहा चांगला असतो.

धाकूशेटना म्हटलं, मराठीतच. टीचरना म्हटलं, कोंकणीतच. दोघंही खूश. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

१४ ऑगस्ट, रविवार. सकाळ

बसस्टॉपवर धाकूशेट आणि कमलाक्षी टीचर बोलत उभे होते!! एकमेकांशी!!! मला पाहून दोघांनी हात केला. मी पाववाल्या पोदेराच्या सायकलमागे वळलो. काहीतरी करत असल्याचं दिसावं म्हणून पाव घेतले. मग आणखी घेतले. घरात आता पाव फार झाले आहेत. ते दोघं साखरेच्या भावाबद्दल बोलत होते, असं देवकीला नंतर कळलं. पण उद्या माझ्याबद्दल बोलतील.

देवकीनं विचारलं, "कित्याक भियेतात इतके?" मी म्हटलं, भीत नाही, सावध आहे. ती पाव मोजायला लागली.

१६ ऑगस्ट

रात्रभर विचार करून पहाटे सुचलं. मी मनुष्य सामान्य नाही हे मला पुन्हा जाणवलं.

राधाकृष्णन म्हैसूर सोडून कलकत्त्याला निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि फुलांनी सजवलेली गाडी स्वतः ओढत स्टेशनवर नेली, अशी गोष्ट सांगतात. तोच प्रसंग आपण दाखवायचा! शाळेपासून हॉलपर्यंत मुलं गाडी ओढत नेतील. जिवंत इतिहास! आणि मुख्य म्हणजे मूक. शब्दच नाहीत, तर मराठी कोंकणी हा प्रश्नच कुठे येतो? भाषण रद्द.

मीटिंगमध्ये मांडलं. टाळ्या! धाकूशेट आणि टीचर, दोघांच्याही! किती तरी महिन्यांत त्या दोघांनी एकाच गोष्टीला टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

घरी येताना शीळ घातली.

१९ ऑगस्ट

गाडीचं काम झालं. देवकीचा भाऊ भिकाजी लाटंबार्सेला असतो, त्याची बैलगाडी मिळणार. बैल नकोत म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारलं, बैलांशिवाय? मग म्हणाला, नेशात तर न्या, पण उतरणीवर ही गाडी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

मुलांची जबाबदारी कमलाक्षी टीचरकडे आहे. मला काय त्याचं.

२० ऑगस्ट, शनिवार

राधाकृष्णन म्हणून गाडीत कोण बसणार?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

धाकूशेट म्हणाले, नाक तसं आहे. टीचर म्हणाल्या, अंगानं सडपातळ, मुलांना ओढायला हलके. मी सांगितलं की मला पित्त आहे. धाकूशेट म्हणाले, बसून राहायला पित्त आड येत नाही.

हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं, का?

२१ ऑगस्ट

शाळा वर आहे. हॉल खाली आहे. मध्ये देवळाची उतरण आहे. सोळा वर्षं रोज तीवरून जातो, पण ती इतकी उभी आहे हे आजच दिसलं. खाली वळण. वळणाच्या पलीकडे भाताचं शेत. वळणावरून खाणीचे टिप्पर येतात ते हॉर्न आधी वाजवत नाहीत, दिसल्यावर वाजवतात.

शास्त्रीय प्रयोग करायचं ठरवलं. पहाटे कोणी नसताना वरून एक नारळ सोडला. नारळ सुरुवातीला शांत होता. मग नव्हता. वळणावर तो वळला नाही. सरळ गेला, उडाला आणि शेतात दिसेनासा झाला.

बराच वेळ तिथंच उभा राहिलो. मागून कमलाक्षी टीचर फिरायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, सर, नारळ कोणाक घातलो? मी म्हटलं, देवीला. त्या म्हणाल्या, देऊळ ह्या बाजूक.

२४ ऑगस्ट

ताप आणायचा प्रयत्न. पावसात भिजलो. शिंक आली, ताप नाही. प्रकृती फारच दणकट आहे, हा दोष आईकडून आला.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

भीती हा शब्द मला लागू नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मला काळजी आहे ती मुलांची. पुढे दोरीला पोरं, मागून धावती गाडी. टीचरना हे गंभीरपणे सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे उपाय काढला: मागेही एक दोरी बांधायची, उतरणीवर मोठी मुलं मागून ताणून धरतील आणि पुढची बाजूला होतील. मुलांचा प्रश्न सुटला.

आता गाडीत बसणाऱ्याचा राहिला. तो कोणी विचारात घेत नाही.

२९ ऑगस्ट, सोमवार

दुसरी कल्पना. पहिलीपेक्षा थोर.

सदाशिव मास्तर! आम्हा सगळ्यांचे मास्तर. पोर्तुगीज गेल्यावर गावात पहिली मराठी शाळा त्यांनी भरवली. भिंतीवर राष्ट्रपतींचा फोटो त्यांनी स्वतः लावला होता, अशी त्यांची आठवण प्रदर्शनात आहेच. वय ऐंशीच्या घरात. शिक्षक दिनी गाडीत राष्ट्रपतींच्या शेजारी गावाचा खरा शिक्षक बसला पाहिजे!

मास्तर गाडीत असले की कोणीही जोरात ओढणार नाही. अख्खं गाव दोरी धरेल. हे अर्थातच मीटिंगमध्ये सांगितलं नाही. डोळ्यांत पाणी आणून गुरुभक्तीवर बोललो. कागद न घेता बोललो! धाकूशेटनी उपरण्यानं डोळे पुसले.

३० ऑगस्ट

मास्तरांच्या घरी विचारायला गेलो. मास्तर एका शब्दात तयार. त्यांची सून वत्सलावहिनी मात्र दाराआड उभ्या होत्या. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "त्यांका सांबाळात हां, सर. गुडघ्यांत कळ येते, उठूक दोघं लागतात."

मी म्हटलं, वहिनी, मी शेजारी बसणार आहे. माझ्या जिवात जीव आहे तोवर मास्तरांच्या केसाला धक्का लागणार नाही.

मास्तरांना टक्कल आहे, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१ सप्टेंबर

चवथ जवळ आली. सगळे गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानात. मला वाटलं कार्यक्रम पुढे ढकलतील. मी सुचवलं. कोणी ऐकलं नाही.

स्वप्न: नारळ. नारळाला फेटा होता.

४ सप्टेंबर, रविवार

भिकाजी गाडी घेऊन आला, बैलांसकट. बैल सोडून परत नेले. गाडी शाळेसमोर उभी आहे. अबोलीच्या माळा, आंब्याचे टहाळे, धाकूशेटच्या घरची जरीची साडी. फार सुंदर. बसायला दोन कदेलं, म्हणजे खुर्च्या, घट्ट बांधली आहेत. मी बांधलेली सुंभाची गाठ ओढून पाहिली. मग पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा भिकाजी म्हणाला, दाजी, सुटली तर तुमच्या ओढण्यानंच सुटेल.

देवकीनं फेटा बांधून पाहिला. आरशात मी हुबेहूब दिसत होतो. देवकी म्हणाली, राष्ट्रपती इतके घामाघूम नसतील.



संकल्प: काहीही झालं तरी चेहरा शांत ठेवायचा.

५ सप्टेंबर

आज लिहिणार नाही.

६ सप्टेंबर, मंगळवार

पाय सुजला आहे. डावा घोटा. हाड मोडलेलं नाही, असं डिचोलीचे डॉक्टर म्हणाले. मला ते थोडे निराश झालेले वाटले.

इतिहासाचा माणूस आहे, तेव्हा जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी अख्खं गाव जमलं होतं. पाऊस नव्हता पण रस्ता ओला. मास्तर आणि मी शेजारी शेजारी. मास्तरांचा चेहरा पाटीसारखा कोरा. मुलांनी "हुप्प" करून ओढलं आणि गाडी निघाली. बायका खिडक्यांतून, म्हणजे जनेलांतून, फुलं टाकत होत्या. पहिली दहा मिनिटं अतिशय भव्य गेली. मी हातसुद्धा हलवला.

मग उतरण आली. पुढची मुलं टीचरच्या शिट्टीसरशी बाजूला झाली. त्यांना काही झालं नाही, हे आधी लिहितो. मागची दोरी मोठ्या मुलांनी आणि धाकूशेटनी धरली होती. त्याच वेळी खालून टिप्परचा हॉर्न. सगळे दचकले. धाकूशेट घसरले, त्यांच्यामागे उभी होती ती सगळी बसली, दोरी हातांतून गेली.

गाडी मोकळी झाली. आवाज असा येत नव्हता. फक्त माळा मागे उडत होत्या.

त्या क्षणी मी विचार केला. लोकांना वाटतं मी विचार केला नाही. गाडीतलं वजन कमी झालं तर वेग कमी होईल आणि मास्तर वाचतील, असा तो विचार होता. म्हणून मी उडी घेतली. वजन कमी केलं.

मी गटारात पडलो. गाडी वळणावर वळली नाही. सरळ शेतात गेली, चिखलात चाकं रुतली आणि उभी राहिली. टिप्पर वर रस्त्यावर थांबला होता, ड्रायव्हर कपाळाला हात लावून उभा. गाव ओरडत धावत गेलं. भातात मधोमध, अबोलीच्या माळांत, सदाशिव मास्तर ताठ बसलेले. काठीसुद्धा हातातून पडली नव्हती.

लोकांनी त्यांना कदेलासकट खांद्यावर उचललं आणि हॉलमध्ये नेलं. काय तो जयजयकार. मराठीत आणि कोंकणीत. मी गटारातून ऐकला.

वत्सलावहिनी माझ्याजवळून धावत गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. घाईत होत्या.

८ सप्टेंबर

वजनाचा मुद्दा देवकीला समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं. घोट्याला आंबेहळद लावत म्हणाली, "राष्ट्रपतींनी पण उडी मारली असती?" मी म्हटलं, ते स्टेशनवर चालले होते, तिथे उतरण नव्हती. ती म्हणाली, असं.

शाळेत अजून जात नाही. घोटा.

जनेलातून दिसतं की आळीतली पोरं नवा खेळ खेळतात. एक पोर खोक्यात बसतं, दुसरं त्याच्या शेजारी बसतं, बाकीची ढकलतात. मग दुसरं "आई गेऽऽ" करून उडी मारतं. उडी मारणाऱ्यावर राज्य येतं. त्या पोराला काय म्हणतात, ते मी नीट ऐकलं नाही. "सर" असा काहीतरी शेवट होता.

मी आई गे म्हणालो नव्हतो. निदान इतक्या मोठ्यानं नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

धाकूशेट आणि कमलाक्षी टीचर एकत्र भेटायला आले. एकत्र! एकाच चहाच्या दुकानातून उठून आले असंही कळलं. बरोबर बिस्किटं. म्हणाले, कार्यक्रम फार गाजला, साखळीपर्यंत नाव झालं. सदाशिव मास्तरांचा धीर म्हणजे धीर. गाडी बेफाम सुटली, पण मनुष्य तसूभर हलला नाही. हॉलमध्ये राष्ट्रपतींच्या फोटोशेजारी आता मास्तरांचा फोटो लावायचा ठरलं.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही? दोघं बिस्किटांकडे बघायला लागले. मग टीचर म्हणाल्या, तुम्ही आराम करा, सर.

११ सप्टेंबर, रविवार. दुपार

सदाशिव मास्तर स्वतः आले. मुलानं स्कूटरवरून सोडलं, तिथून काठी टेकत, थांबत थांबत. मी उठायला गेलो, त्यांनी बस म्हटलं. देवकी चहा करायला आत गेली.

मी लगेच वजनाचा मुद्दा मांडला. मास्तरांनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाले, "गुरुदास, माझी एक गोष्ट ऐक. कोणाला सांगू नको."

ते म्हणाले, धीर वगैरे काही नव्हता. त्यांचं धोतर कदेलाच्या सुंभात अडकलं होतं आणि गुडघा वाकत नव्हता. नाहीतर माझ्या आधी त्यांनीच उडी मारली असती. तोंडातून शब्द फुटेना म्हणून गप्प होते. लोक खांद्यावर घेऊन नाचत होते तेव्हा ते मनात म्हणत होते, आधी खाली ठेवा रे. आता रात्री झोप लागत नाही. डोळा लागला की गाडी सुटते. आणि गावात प्रत्येकजण पाया पडतो, पोरांना सांगतो, मास्तरांसारखं निर्भय व्हा. कोणाला काय सांगणार? म्हणून माझ्याकडे आले. गाडीत आम्ही दोघंच होतो.

मला इतकं बरं वाटलं की मी हसलो. तेही हसले. मग कपात बघत म्हणाले, "तू उठलास तेव्हा मला वाटलं, मला पण ओढशील. मी हात पुढे केला होता."

मी म्हटलं, मास्तर, देवाशपथ, मला दिसला नाही.

ते म्हणाले, "बरोबर. घाईत कुठे दिसतं."

संध्याकाळी ५

दिसला होता.

१२ सप्टेंबर, सोमवार

आज शाळेत गेलो. वर्ग चिडीचूप. कोणी झोपलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर पाहिलं तर मास्तर देवळाच्या पायरीवर बसलेले. दर्शनाला वर आले होते, मुलगा स्कूटरवरून सोडून गेला, आणि आता उतरणीवर पाय टाकवेना. कोणाला सांगताही येईना. जो तो नमस्कार करून पुढे जात होता.

मी म्हटलं, मास्तर, चला. मी घरी पोचवतो. खरं सांगायचं तर मलाही त्या बाजूला बघवत नव्हतं, पण आज वर्गात कोणी झोपलं नव्हतं, तेव्हा अंगात थोडा जोर होता. त्यांचा हात धरला. तो गार होता. माझा ओला होता.

उतरलो. कडेकडेनं, गवताला धरून. वळणावर टिप्परचा हॉर्न वाजला आणि आम्ही दोघंही एकदम गटारात उभे. मास्तरांनी डोळे मिटले होते. हे मी डोळे उघडल्यावर पाहिलं. टिप्पर जाऊन बराच वेळ झाला होता. मास्तर म्हणाले, गेला का? मी म्हटलं, बहुतेक. हात कोणीच सोडला नव्हता. तसेच घरापर्यंत गेलो.

वत्सलावहिनींनी आमचे चिखलाचे पाय पाहिले. पाणी दिलं, करंज्यांचं सारण ढवळत होत्या त्यातलं थोडं दिलं. मी म्हटलं, वहिनी, मास्तरांची काळजी करू नका, यापुढे रोज मी आणीन. निघायला उठलो. अंगणाच्या कडेपर्यंत आलो. पुढे चढण, आणि वरून कुठूनतरी पुन्हा हॉर्न.

थोडा वेळ तिथेच थांबलो. अंगणातली तुळस बघत होतो.

वहिनींनी पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर निघाल्या. वाटेत चवथीच्या भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होत्या, म्हणजे मला संकोच वाटू नये. टिप्परच्या बाजूला त्या चालल्या.

देवकीनं दार उघडलं. आम्हा दोघांकडे पाहिलं आणि वहिनींना म्हणाली, "बरं केलंत हो, ह्यांना पोचवलंत ते."